लग्नाची फोटोग्राफी : कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं

भरउन्हात

मंडळी, तुळशीचं लग्न लागलं की आपला सीझन सुरू. आपल्या या फोरमवर नवीन फोटोग्राफर मंडळींचे बरेच प्रश्न येतात, आणि त्यातले बहुतेक कोणती बॉडी घेऊ, कोणती लेन्स घेऊ याबद्दलचे असतात. त्याची उत्तरं कुठेही मिळतात. माझं स्पष्ट मत असं आहे की मराठी लग्नात फोटो हुकतो तो लेन्समुळे क्वचित. पुढे काय होणार हे माहीत नसतं, म्हणून तो हुकतो. मी सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात काम करतो, त्यामुळे लिहितोय ते तिकडच्या पद्धतींवरून. बाकीच्यांनी आपापल्या भागाची भर घालावी.

अंतरपाटापासून सुरुवात करतो. बोहल्यावर वर एका बाजूला, वधू दुसऱ्या बाजूला, मध्ये कापड. आपण पाहुण्यांच्या बाजूने, बरोबर कापडाच्या रेषेत उभे राहतो, म्हणजे दोघांचेही चेहरे बाजूने मिळतात. जागा बरोबर आहे, पण कापडाचं अलीकडचं टोक धरणारा माणूस नेमका तुमच्याकडे पाठ करून उभा असतो. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधीच त्याला अर्धं पाऊल बाजूला उभं राहायची विनंती करा. एकदा अष्टकं सुरू झाली की कोणी ऐकत नाही. आणि गुरुजींना एक प्रश्न आवर्जून विचारा : अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार? कापड तुमच्या दिशेने ओढलं तर पहिला सेकंद नुसतं कापडच फ्रेममध्ये येतं. मग एक पाऊल आधीच वधूच्या किंवा वराच्या अंगाला सरकून ठेवायचं. दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याला ८५ मिमीची लेन्स घेऊन वराच्या खांद्यामागे उभं करा. कापड दूर झाल्यावर वधू मान उचलून बघते तो चेहरा फक्त तिथूनच दिसतो. तिच्या मागे मामा आणि दिवा घेतलेली करवली असते, ती दोघंही त्याच फ्रेममध्ये येतात.

वेळ कशी ओळखायची? मंगलाष्टका किती होणार याचा भरवसा नाही. आत्या म्हणते, मावशी म्हणते, कोणीतरी स्वतः रचलेलं काढतं. पण शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं’ सुरू करतात. ते शब्द कानावर पडले की बोट शटरवर. त्याच्या आधी अक्षतांचे फोटो सलग दाबत राहू नका. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा हटून बसतो. फ्लॅशचंही तेच. साध्या सेलवर पूर्ण ताकदीने मारलात तर परत भरायला दोन-तीन सेकंद लागतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० ठेवून फ्लॅश एक अष्टमांश ताकदीवर आणा, म्हणजे लागोपाठ चार-पाच वेळा सहज उडतो. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील आणि कार्यालयात उजेड पुरेसा असेल तर फ्लॅश बंद करून १/५०० शटर. मला स्वतःला थोड्या ओघळणाऱ्या अक्षता जास्त आवडतात, त्या १/१२५ ला मिळतात.

आता गौरीहर. ही जागा बहुतेक जण सोडून देतात, कारण त्या वेळी सगळे वराकडच्या मंडळींच्या मागे असतात. वधू अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून, गौरीपुढे तांदूळ वाहत एकटी बसलेली असते. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कोणी हाक मारत नसतं. जमिनीवर बसा, ३५ किंवा ५० लावा, काहीही सूचना देऊ नका. ओठ हलत असतात, बोटांतून तांदूळ पडत असतात. दोन-तीन मिनिटं गप्प बसलात तर तिला तुमचा विसर पडतो. माझ्या अल्बममध्ये आईवडील ज्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते पान हे असतं.

लाजाहोमात भाऊ लाह्या देतो, वधूची ओंजळ, तिच्याखाली वराचे हात. असे तीन जणांचे हात आणि खाली अग्नी. इथे उजेड ज्वाळेवर मोजू नका, कॅमेरा घाबरून सगळं काळं करतो. हातांवर मोजा, ज्वाळा थोडी पांढरी गेली तरी चालते. आणि समोरून थेट फ्लॅश मारला की धुराचा पांढरा पडदा उभा राहतो. धूर दिसायला हवा असेल तर उजेड मागून यायला हवा. नंतर कानपिळी. ती इतकी पटकन होते की निम्म्या अल्बममध्ये वधूच्या भावाची फक्त पाठच सापडते. भाऊ ज्या बाजूने येणार त्याच्या समोरच्या बाजूला आधीच जाऊन बसा.

झालीबद्दल, म्हणजे वधूला सासरच्यांच्या हाती सोपवण्याच्या विधीबद्दल, आणि सप्तपदीबद्दल सावकाश लिहीन. तोवर बोला.

नवशिका_नगर

दादा, खूप उपयोगी. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे एलईडीच्या स्टेजवर फोटोत आडवे पट्टे येतात. कधी येतात, कधी नाही. दुसरी, हळदीचे सगळे फोटो पिवळेजर्द, चेहरा कुठला आणि हळद कुठली कळत नाही. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) निळ्याकडे नेला की हळद राखाडी होते.

उजेडवाला

मी पुण्यात लाइटचं काम बघतो, फोटोग्राफरच्या टीमसोबतच असतो. पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० वर या, दिव्याचे पट्टे जातील. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर आधी ते बंद करा, बहुतेक कॅमेऱ्यांवर पट्टे तिथेच जास्त येतात. मेकॅनिकल शटर ठेवा आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर सुरू करा. मागे मोठी एलईडी वॉल असेल तर तिचं गणित वेगळं. तिचा स्वतःचा वेग असतो, तो ५० हर्ट्झशी जुळत नाही. तिथे लोक यायच्या आधी वॉल सुरू करायला सांगा आणि १/६० पासून १/२०० पर्यंत एकेक पायरी फोटो काढून बघा. जी स्वच्छ येईल ती दिवसभर पकडून ठेवा. आणि वॉल चालवणाऱ्या पोराला विनवणी करून तिचा उजेड कमी करून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण तेजावरच्या वॉलसमोर नवरा-नवरी म्हणजे दोन सावल्या.

हळदीचं. आधी वर बघा. मंडपाचं कापड पिवळं असेल तर दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि सगळ्यांच्या अंगावर पिवळा लेप बसतो. मग हळद आणि कातडी यांत फरक उरणारच नाही. मंडपवाल्याशी आदल्या दिवशी बोललात तर तो निदान बसायच्या जागेवरचं छत पांढरं करून देतो, त्याला काही जास्तीचा खर्च नसतो. हे जमलं नाही तर पांढऱ्या कापडाचा एक मोठा तुकडा स्वतःच्या गाडीत ठेवा आणि वर बांधा.

कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. नुसता पांढरा आलेख ठीक दिसतो आणि त्याच वेळी लाल रंग उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. तिथला तपशील गेला की रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही नीट परत येत नाही. हळद आणि लाल शालू दोन्हींना हा त्रास. मी फोटोग्राफरला एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायची पायरी) कमी ठेवायला सांगतो. नंतर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्स हलवू नका. करड्या कार्डावर तो एकदा ठरवून टाका आणि मग फक्त पिवळ्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, नारिंगीला हात लावू नका. कातडीचा रंग नारिंगीत असतो. हळद हळदच राहते आणि चेहरा वेगळा दिसतो.

अजून एक. हळदीच्या कार्यक्रमात लेन्स बदलू नये. ती पूड फार बारीक असते आणि तेलात कालवलेली असेल तर फोकस रिंगच्या फटीत जाऊन बसते. एक बॉडी, एक लेन्स, वर पावसाळी कव्हर.

खाडीपलीकडे

आमच्या आगरी-कोळी हळदी रात्री असतात, बँजो, नाच, हजारभर माणूस. तिथे छत पांढरं-बिंढरं विसरा, वर आकाश असतं आणि फ्लॅश बाऊन्स करायला, म्हणजे उजेड आपटून खाली परतवायला, काही नसतं. एक लाइट उंच स्टँडवर नाचणाऱ्यांच्या मागे ठेवायचा आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश फक्त चेहऱ्यापुरता. शटर १/१५ ते १/३० आणि फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर बंद होताना उडेल असा. नाच दिसला पाहिजे, पुतळे नकोत. स्टँडवर वाळूची पिशवी आणि शेजारी आपला माणूस हवाच, पोरं धडकतात. आणि नाचणाऱ्या बायकांच्या फार जवळ वाइड लेन्स घेऊन घुसू नका, घरचे लोक बरोबर ओळखतात कोण कशासाठी घुसलंय.

वाईचे_गुरुजी

मी पौरोहित्य करतो. धागा चांगला आहे म्हणून लिहितो. भरउन्हात यांनी गुरुजींना आधी विचारा असं लिहिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. दहा मिनिटं आधी येऊन कोणी विचारलं तर आम्ही सगळं सांगतो. विधींचा क्रम, कोणता विधी या घरात आहे, कोणता नाही, कशाला किती वेळ लागेल. देशस्थ, कोकणस्थ, मराठा, सारस्वत, प्रत्येकाकडे थोडं वेगळं. एकाच ज्ञातीतही घराण्याचा कुळाचार वेगळा असतो. त्यामुळे मागच्या लग्नात असं होतं, हे गृहीत धरू नये.

होमाला यजमान अग्नीच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून बसतात. म्हणजे दोघांचे चेहरे समोरून हवे असतील तर तुम्हाला पूर्वेच्या बाजूला जागा लागणार. तिथे आम्ही समिधा, तुपाचं भांडं, कलश यांची मांडामांड करतो. आधी सांगितलंत तर एक कोपरा मोकळा ठेवता येतो. मोकळं लॉन असेल तर सकाळी ऊन त्यांच्या तोंडावर येतं आणि गोरज मुहूर्ताला पाठीमागून, हे तुमच्या उपयोगाचं असेल.

आता तक्रार. कृपा करून बोहल्यावर बूट घालून येऊ नका. अक्षतांवर, कलशावरून पाय टाकून जाऊ नका. आणि मंगळसूत्र पुन्हा घाला, पुन्हा एकदा इकडे बघून, असं सांगू नका. मंत्र संपलेला असतो. मंगळसूत्र ही एकदाच बांधायची गोष्ट आहे, आणि फोटोसाठी ते काढायला लावणं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला फार लागतं, ते बोलत नाहीत इतकंच. माझी सूचना अशी की मला खुणेने सांगा, मी मंत्र सावकाश म्हणतो, वराला हात तिथेच धरायला सांगतो. तेवढ्यात तुमचे पाहिजे तेवढे फोटो होतात. कन्यादानाचंही तसंच. मुहूर्ताची घटिका मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही.

भरउन्हात

गुरुजी, पूर्णपणे मान्य. मंगळसूत्र, कन्यादान, सप्तपदी यांत परत करायला लावणं मी माझ्या टीममध्ये बंद केलंय. हारांबद्दल मात्र मी थोडा सैल आहे. मित्रांनी नवरदेवाला उचलून धरलं, गोंधळात हार कसेबसे पडले, आणि दोघांनाच परत घालायची हौस असेल तर घालू द्यावेत. त्यांनी मागितलं तरच, आपण होऊन नाही.

सप्तपदीचं राहिलं होतं. तांदळाचे सात ढीग, वधूचं पाऊल एकेकावर. सगळे उभं राहून वरून काढतात आणि त्यात ढीग दिसतात, माणसं नाहीत. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, पावलांच्या पुढे, आणि तुम्ही मागे मागे सरकत जायचं. शेल्याची गाठ, वराचा हात, पैंजण आणि पलीकडे बसलेल्या आजीचा चेहरा हे सगळं एका उंचीवर येतं. मागे सरकायला जागा हवी म्हणून असिस्टंटला आपल्या पाठीमागे उभं करा. अश्मारोहणाला सहाण कुठे ठेवलीय ते पण आधी बघून ठेवा, ती नेहमी एखाद्या खुर्चीखाली असते.

झालीच्या वेळी वेळूच्या टोपल्यात दिवे लावलेले असतात आणि ती वराकडच्या माणसांच्या डोक्यावर एकेक करून धरतात. इथे फ्लॅश मारला की सगळं गेलं. आयएसओ ६४०० करा, लेन्सचं तोंड एफ २ पर्यंत उघडा, शटर १/१२५. ग्रेन आला तर येऊ दे.

रानजाई

नाशिकहून. मी गेली काही वर्षं बहुतेक वधूपक्षाकडचंच काम घेते, त्यामुळे वधूच्या खोलीबद्दल लिहिते.

पहिलं काम ट्यूबलाइट बंद करणं. मंगल कार्यालयातल्या वधूच्या खोलीत एक खिडकी नक्की असते, तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातलेला असतो आणि खाली ब्यागा. तो टॉवेल काढा, वधूची खुर्ची खिडकीशी काटकोनात ठेवा, मेकअपवालीला पटवा. तिला पण तो उजेड आवडतो. एका बाजूचा उजेड नथीतल्या मोत्यांवर पडला की बाकी काही करावं लागत नाही. दागिन्यांचे आणि मुंडावळ्यांचे सुटे फोटो ती नेसायच्या आधी उरकून घ्या, नंतर ते अंगावर असतात आणि तिला धावपळ असते.

साडी नेसताना खोलीत फक्त बाई फोटोग्राफर असावी. आणि तरीही नेसणं पूर्ण होईपर्यंत कॅमेरा खाली. हे फोटो त्याच संध्याकाळी कोणाला मोबाइलवर दाखवायचे नाहीत, टीममध्ये सुद्धा नाहीत. मी बुकिंगच्या वेळीच वधूला एकटीला विचारते, कोणते फोटो फक्त तिलाच द्यायचे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.

रुखवत विसरू नका हो. मुलीच्या काकू-मावश्यांनी कितीतरी रात्री जागून केलेलं असतं. कापसाची वस्त्रं, साखरेची भांडी, भरतकाम, कुणी चिरोट्यांचं मंदिर करतं. पाहुणे यायच्या आधी, टेबलावर हात पडायच्या आधी तिथे जा. एक फोटो पूर्ण टेबलाचा आणि मग करणाऱ्या बाईला शेजारी उभं करून एक. तो दुसरा फोटो त्या घरात फ्रेम होतो.

सूनमुख हा माझा आवडता. सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. फोकस आरशाच्या चौकटीवर जातो आणि चेहरा मऊ येतो, हा सगळ्यांचा त्रास. आरशातला चेहरा आरशाच्या जागी नसतो, आरशापासून वधूपर्यंत जेवढं अंतर तेवढा तो आरशाच्या मागे असतो. म्हणून फोकसचा चौकोन हाताने आरशातल्या डोळ्यावर ठेवा, एफ ४ किंवा ५.६ करा म्हणजे चौकटही बरी येते. तुम्ही कुठे उभे राहाल? आरशात वधूचे डोळे थेट तुमच्याकडे बघताना दिसले तर तिलाही तुमची लेन्स दिसतेय. दोन पावलं सासूच्या खांद्यामागे सरका. मग तिची नजर सासूकडे जाते, कारण त्या वेळी तिने बघायचं ते सासूकडेच.

आणि एक विनंती सगळ्यांना. सावळ्या मुलीला गोरं करू नका. एक्स्पोजर वर ढकलून, नंतर घासून घासून चेहरा पांढरा केलेले अल्बम मी रोज बघते. हात वेगळ्या रंगाचे, चेहरा वेगळ्या. ती तशी नाहीये. पुढे तिची मुलगी हा अल्बम बघेल तेव्हा तिला तिची आई दिसली पाहिजे.

भरउन्हात

रानजाई, शेवटचा मुद्दा मनापासून पटला, पण आमच्याकडे गिऱ्हाईकच सांगतं, “जरा उजळ करा.” आणि सांगणारे वडील असतात, पैसे तेच देणार असतात. नाही म्हटलं तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. नवीन माणसाने काय करावं?

रानजाई

मी वाद घालत नाही, फोटो दाखवते. बुकिंगच्या वेळीच सावळ्या वधूंचे नीट उजेडातले प्रिंट समोर ठेवते. खिडकीचा मऊ उजेड, एक्स्पोजर चेहऱ्यावर मोजलेलं, मागची पार्श्वभूमी थोडी गडद. बघितल्यावर बहुतेक घरं स्वतःच म्हणतात, असेच द्या. ‘उजळ’ म्हणजे त्यांना अनेकदा चेहरा स्पष्ट हवा असतो, डोळ्यांखाली सावली नको असते. ते उजेडाने होतं. तरीही अडून बसले तर मी वधूला विचारते, आणि ती सांगेल तसं.

अंधारखोली

मी जुन्या काळचा. १२० फिल्मचा रोल, १२ फोटो. एका लग्नाला मोजून चार-पाच रोल. म्हणून आम्ही दाबायच्या आधी बघायचो. आता कार्डात हजारो बसतात, बसू द्या, पण घरच्यांना सगळ्यात आधी लागतो तो ग्रुप फोटो, आणि नव्या पोरांना तोच कंटाळवाणा वाटतो. ज्याला तुम्ही ट्रॅडिशनल म्हणून नाक मुरडता तो फोटो कुटुंबातला माणूस गेल्यावर शोधला जातो. आजोबांचा शेवटचा चांगला फोटो बहुतेक घरांत कोणाच्या तरी लग्नातला असतो. म्हणून माझा नियम असा की वधूवरांच्या आजी-आजोबांचा एकेक सुटा फोटो, खुर्चीत बसवून, चष्म्यासकट, सकाळीच. दुपारी ते थकतात आणि जेवून निघून जातात.

चष्म्यावर चमक आली तर चष्मा काढायला लावू नका, त्यांचा चेहरा चष्म्यासकटच घरच्यांना ओळखीचा असतो. उजेड उंच करा किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

दोन रांगांना एफ ५.६, तीन-चार रांगांना एफ ८. एफ २ वर ग्रुप काढलात तर मागची काकू कायमची धूसर. फोकस पहिल्या रांगेच्या थोडा मागे. फेट्याची सावली कपाळावर पडते, तेव्हा उजेड थोडा खाली आणा किंवा फेटा दोन बोटं मागे सारायला सांगा. नावाने हाका मारायला घरातलं एक माणूस जवळ ठेवा, आत्याबाई कोण आणि व्याही कोण हे तुम्हाला माहीत नसतं. आणि मान चुकला तर भांडण तुमच्यामुळे लागतं. पंगतीत घास तोंडात असताना फोटो काढू नये हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

निळी_पहाट

बौद्ध पद्धतीच्या लग्नांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विदर्भात आम्ही बरीच करतो. इथे अंतरपाट, होम, सप्तपदी नाही. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, मग जयमंगल अष्टगाथा आणि फुलांचा वर्षाव. बौद्धाचार्य सांगतात तेव्हा सगळे उपस्थित उभे राहतात, तुमच्या समोरचा सगळा कोन बंद होतो. त्यामुळे बाजूला एका छोट्या स्टुलाची सोय करून ठेवा.

कपडे पांढरे असतात. फ्रेमभर पांढरं आलं की कॅमेरा ते करडं करतो, तेव्हा दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर घ्यावं लागतं. पण साडीवरचं पांढऱ्यावर पांढरं नक्षीकाम उडायला नको, म्हणून झेब्रा (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) किंवा हायलाइटचं लुकलुकणं चालू ठेवा. प्रतिमा काचेच्या फ्रेममध्ये असतात, समोरून फ्लॅश मारला की बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पांढरा ठिपका. थोडं तिरकं उभं राहा. प्रतिमांसह दोघांचा फोटो हा त्या घरातला सगळ्यात मोठा प्रिंट असतो, त्याला घाई करू नका.

नोंदणी पद्धतीच्या लग्नालाही हल्ली बोलावणी येतात. विशेष विवाह कायदा, १९५४ चा. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. खोली लहान, वर ट्यूब, आत जायची परवानगी आधीच अधिकाऱ्यांकडून घेतलेली बरी. सही करताना पेनच्या समोरून ३५, फ्लॅश बंद. खरा उजेड बाहेरच्या व्हरांड्यात असतो, साक्षीदारांसकट तिकडे न्या.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहतो, इथली मराठी लग्नं काढतो. इथे हॉलमध्ये अग्नी लावायला आधी परवानगी लागते, कधी कुंड अगदी लहान असतं आणि काही मिनिटांतच विझवायला लावतात. लाजाहोमाला एकच संधी, हे लक्षात ठेवून जागा धरा. स्थानिक फोटोग्राफर असेल तर त्याला विधींचा क्रम इंग्रजीत एका पानावर लिहून द्या, प्रत्येक विधीपुढे कोण कुठे उभं असेल ते. मामा कोण आणि तो बोहल्यावर का आहे हे त्याला कळलं की तो मामाला फ्रेमबाहेर हो म्हणत नाही. हिवाळ्यात बाहेर फोटो काढून आत आलात की लेन्सवर वाफ धरते, बॅग बंद ठेवूनच आत आणा आणि वीस मिनिटं उघडू नका.

खाडीपलीकडे

हे कोकणात मे महिन्यात उलट होतं. एसी हॉलमधून बाहेर आलं की लेन्स धुक्यात. उपाय तोच, बॅग बंद.

नवशिका_नगर

सगळ्यांचे आभार. आता न विचारलेला प्रश्न. फोटो इन्स्टावर टाकायला गिऱ्हाइकाची परवानगी लागते का? फोटो तर मी काढलेत. आणि बॅकअप किती ठेवायचे?

रानजाई

लागते, आणि हे नीट समजून घे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १७ मध्ये लिहिलंय की कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरमध्ये, करार नसेल तर, मालकी गिऱ्हाइकाची. तेव्हा करारात साधं मराठीत वाक्य घाल : कॉपीराइट कोणाकडे, जाहिरातीसाठी किती फोटो वापरणार, कोणते नाही. वधू आणि वर दोघांचीही सही घे, फक्त वडिलांची नको. लहान मुलांचे फोटो मी त्यांच्या आईवडिलांना वेगळं विचारल्याशिवाय टाकत नाही.

त्याच कागदावर ड्रोन आहे की नाही ते पण. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि जागा कोणत्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर बघायचं. कार्यालयवाला “काही होत नाही” म्हणतो, त्याच्यावर जाऊ नकोस.

उजेडवाला

बॅकअपचं मी सांगतो. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दुसरा स्लॉट ‘बॅकअप’ वर ठेव, म्हणजे तेच फोटो दोन्ही कार्डांवर जातात; ‘ओव्हरफ्लो’ वर नको, त्यात पहिलं कार्ड भरल्यावरच दुसरं वापरलं जातं. एक रॉ फाइल ३० एमबी धरली आणि ३००० फोटो झाले तर ९० जीबी, तेव्हा १२८ चं कार्ड दिवसाला बेताचंच होतं. भरलेली कार्डं बॅगेत नाही, चेन असलेल्या खिशात. गर्दीत चोरीला जाते ती बॅग. घरी आल्यावर जेवायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. फाइल्स उघडून बघ, नुसत्या मोजू नकोस. अल्बम हातात पडून गिऱ्हाइकाने होकार देईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

अंधारखोली

अल्बमवरून आठवलं. १२ बाय ३६ इंची करिझ्मा अल्बमचं जोडपान मधोमध दुमडतं. दोघांचा जोडफोटो बरोबर मध्यभागी लावला की घडी कोणाच्या तरी चेहऱ्यावरून जाते. डिझाइन करणाऱ्याला मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना इंचभर जागा चेहऱ्याविना सोडायला सांगा. कडेलाही अर्धा इंच, कटिंगमध्ये जातो.

नवशिका_नगर

एक शेवटचं विचारतो. अल्बम द्यायला दीड-दोन महिने लागतात हे मी आधीच सांगतो, तरी लोक चौथ्या दिवसापासून फोन करतात.

भरउन्हात

त्यांना अल्बम नको असतो रे, काहीतरी हातात हवं असतं. दोन दिवसांत वीस-पंचवीस फोटो मोबाइलच्या आकारात पाठवून दे : दोघांचे, दोन्ही घरांचे, आजी-आजोबांचे. आणि त्याबरोबर एक फोटो मुद्दाम पोस्टकार्ड साइजमध्ये प्रिंट करून दे, हार घातलेले, दोघांचे चेहरे समोर, डोळे उघडे, मागे गर्दी कमी. विवाह नोंदणीला पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो लागतो आणि ते लोक मोबाइलवर कोणीतरी काढलेला धूसर फोटो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभे असतात. बोहल्यावरून खाली उतरायच्या आधी तो एक फोटो त्यांना समोर बघायला सांगून काढून ठेवायचा, दहा सेकंद लागतात. तो प्रिंट दिला की फोन बंद होतात.

वाईचे_गुरुजी

नोंदणीच्या कागदावर आमचीही सही लागते. तेव्हा शक्य असेल तर विधी लावतानाचा, गुरुजी फ्रेममध्ये असलेला एक फोटो पण त्यांना द्या. कधीकधी तोही मागतात.